अहवाल ‘पिण्यायोग्य’, मग ओहोळातले मुठे गेले कुठे?

मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाशेजारचा ओहोळ पुढे काळू नदीला मिळतो. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यातले मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, जवळजवळ दिसेनासे झाले, शिंगटी मासळीही कमी झाली. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर अहवाल ‘पिण्यायोग्य’ असा आला. आता मुलांना बरोबर घेऊन ओहोळ स्वतःच तपासायचा विचार आहे. काय तपासायचं, कशानं आणि कधी? खर्च फार झेपणार नाही.

सर, आधी त्या अहवालाबद्दल बोलू. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्ही विचारलेला प्रश्न प्रयोगशाळेला कुणी विचारलेलाच नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक 10500 (2012 सालचं) धरतात. गावपातळीवर त्यातले सामू (पीएच), क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट असे मोजके घटक तपासले जातात. तुमच्या कागदावर जिवाणूंची तपासणी आहे का, ते पाहा. मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नयेत. जिथे गुरं उतरतात, कपडे धुतले जातात, त्या उघड्या ओहोळाचं पाणी ही अट पूर्ण करेल हे मला पटत नाही. बहुधा फक्त रासायनिक तपासणी झाली असावी. खात्री होईपर्यंत ते पाणी कुणी उकळल्याशिवाय पिऊ नये, एवढं गावात सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट, विरघळलेला ऑक्सिजन त्या अहवालात नसणार. पाणी पिणाऱ्याला त्याची गरज नसते, म्हणून तो त्या मानकातच नाही. माशाचं आणि खेकड्याचं मात्र सगळं त्यावरच चालतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीनाल्यांच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. त्यातला मासे आणि वन्यजीवांसाठीचा वर्ग म्हणतो: ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, सामू 6.5 ते 8.5, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तुम्हाला हवी ती कसोटी ही.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी बाटली नेलीच नसती. बाटलीत येतं ते त्या मिनिटाचं पाणी. रात्री कुणी काही सोडलं असेल तर सकाळी अकरापर्यंत ते वाहून गेलेलं असतं. दगडाखालचे कीटक मात्र महिनोनमहिने तिथेच मुक्काम करून असतात. वाईट पाणी आलं तर ते उठून जाऊ शकत नाहीत, मरतात. म्हणून ओहोळात कोण उरलंय आणि कोण गेलंय हे नीट पाहिलं, तर पाणी बिघडलंय का हे कळतंच, शिवाय कशानं बिघडलंय याचाही बराचसा अंदाज येतो.

तीन जागा ठरवा. पहिली गावाच्या वर, शेवटचं घर आणि शेवटचं शेत मागे टाकल्यावर. दुसरी गावाच्या लगेच खाली. तिसरी तिथून अर्धा-एक किलोमीटर पुढे. तिन्ही ठिकाणी पाणी सारखंच हवं, म्हणजे दगडगोट्यांवरून खळाळत जाणारं, गुडघ्याच्या आतलं. एकीकडे खळाळ आणि दुसरीकडे डोह तपासला तर फरक जागेचा आहे की प्रदूषणाचा, हे कळणार नाही. वरची जागा हे तुमचं माप. पुस्तकातला ‘आदर्श ओढा’ शोधत बसू नका, तुमच्याच ओहोळाचा वरचा भाग त्याच्या खालच्या भागाशी ताडून बघा. ठाण्याच्या मुलांना मी येऊरच्या जंगलातला ओढा दाखवतो, पण तो राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे वनखात्याची परवानगी लागते. तुमच्या वरच्या जागेला तीही लागली तर आधी घ्या.

जाळीसाठी दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये बारीक विणीची नायलॉनची जाळी शिवून घ्या. अर्ध्या मिलिमीटरची वीण मिळाली तर उत्तम, नाहीतर मच्छरदाणीचं कापड चालेल, फक्त अगदी लहान जीव त्यातून निसटतील. एकाने जाळी प्रवाहाला आडवी, तळाला टेकवून धरायची. दुसऱ्याने तिच्या वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, मोठे दगड हाताने चोळायचे. सुटलेलं सगळं वाहत जाळीत येतं. ते पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घेऊन उलटं करायचं. स्टीलची परात नको, तिच्या चकाकीत काही दिसत नाही. मग पाच मिनिटं कुणीही हात घालायचा नाही. आधी नुसता कचरा वाटतो, आणि हळूहळू तो कचरा चालायला लागतो.

चपट्या अंगाचा, दगडाला पोटाने चिकटून खेकड्यासारखा बाजूला सरकणारा, शेपटीला लांब दोरे असलेला कीटक दिसला की थांबा आणि भिंग घ्या. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले असतात, ते एका लयीत हलत असतात. ही मेफ्लायची पिल्लं. त्यांच्यासारखाच, पण शेपटीला दोनच दोरे, पायाच्या टोकाला दोन नख्या आणि पोटाच्या कडांना कल्ले नसलेला कीटक म्हणजे स्टोनफ्लाय. मेफ्लायच्या पायाला एकच नखी असते. दोरे मोजून फसायला होतं, कारण काही मेफ्लायनाही दोनच असतात, म्हणून नखी बघायची सवय मुलांना लावा. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी अळी ती कॅडिसफ्लाय. दगडाला चिकटलेलं तांब्याच्या पैशासारखं काही दिसलं आणि नखाने उचकटताना त्याला पाय निघाले, तर ती एका भुंग्याची अळी. ही मंडळी पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, त्यांना थंड, खेळतं पाणी लागतं.

उलट बाजूला लाल अळ्या असतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन नावापुरता असलेल्या गाळातही त्या तग धरतात. गाळात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे तांबडे धाग्यासारखे किडेही तसेच चिवट. एक छोटा शंखही ओळखून ठेवा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. फायसा नावाच्या या परक्या शंखाचं ते डाव्या हाताला येतं. घाण पाणी त्याला चालतं. गटाराला लागून असलेल्या ओढ्यांत तो मुठीमुठीने सापडतो.

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात या कीटकांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली गेली, आपल्या प्रदूषण मंडळाने ती इथल्या नद्यांसाठी बदलून घेतली. चपट्या मेफ्लायला आणि स्टोनफ्लायला 10, लाल अळ्यांना 2, गाळातल्या किड्यांना 1. लक्षात ठेवा, सगळ्या मेफ्लाय सारख्या नाजूक नसतात. माशासारखी सुळकन पोहणारी लहान मेफ्लाय असते, तिला 4 च गुण आहेत. ती दिसली म्हणून ओहोळ निरोगी असं लिहून मोकळं होऊ नका.

कुळं ओळखता आली नाहीत तरी काम अडत नाही. मंडळाच्याच पद्धतीत एक सोपी मोजणी आहे, मुलांना ती फार आवडते. ट्रेमधून न निवडता एकेक जीव चमच्याने उचलायचा. आधीच्यापेक्षा वेगळा दिसला की नवी ‘फेरी’, तसाच असला की तीच फेरी चालू. शेवटी फेऱ्यांना एकूण जिवांनी भागायचं. 40 जिवांत 26 फेऱ्या आल्या तर 0.65, म्हणजे वस्ती सरमिसळ आहे. 40 पैकी 34 लाल अळ्या असतील आणि फेऱ्या जेमतेम 6 आल्या तर 0.15. नाव एकाचंही माहीत नसताना तिसरीतलं मूल हे करू शकतं. मोजून झालं की सगळे जीव उचलले तिथेच परत सोडायचे.

आता मुठ्यांकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. समुद्राच्या चिंबोऱ्यांची पिल्लं पाण्यात तरंगत दूरवर जातात. गोड्या पाण्यातल्या मुठ्यांचं तसं नसतं. मादी अंडी पोटाखाली बाळगते, त्यातून थेट इवले खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटालाच धरून राहतात. म्हणजे एका ओहोळातले मुठे संपले तर बाहेरून नवे वाहून येत नाहीत, शेजारून चालत येतील तेवढेच. म्हणून त्यांचं नाहीसं होणं मी फार गंभीरपणे घेतो.

कारणं तीन-चार असू शकतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. सांडपाणी, कोंबड्यांच्या शेडचं धुणं, फार्महाऊसच्या शौचटाकीचा पाझर यातून सेंद्रिय घाण येत असेल तर खालच्या जागेवर लाल अळ्या भरपूर, दगडांवर राखाडी कापसासारखा थर आणि दगड उलटला की कुजका वास. गाळ हे कारण असेल तर सगळेच जीव थोडे थोडे दिसतात. त्याची परीक्षा हाताने होते: तळातला दगड उचलून बघा. सहज सुटला आणि खाली पोकळी दिसली तर बरं. चिखलात निम्मा रुतलेला, ओढून काढावा लागला, तर कीटकांची घरंच बुजली आहेत. वर कुठे रस्त्यासाठी डोंगर कापलाय का, खाण आहे का, प्लॉट सपाट केलाय का, ते बघा.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त काळजीत टाकते. शंख आहेत, गाळातले किडे आहेत, पाणी नितळ आहे, पण कीटक, झिंगे आणि मुठे एकदम गायब. खेकडा आणि झिंगा हे कीटकांचे नातेवाईक, त्यामुळे जे औषध किडीला मारतं ते यांनाही मारतं. मुठे भाताच्या बांधांना बिळं पाडतात म्हणून काही ठिकाणी त्यांच्यासाठी विषारी आमिष ठेवतात. पावसात ते ओहोळात उतरतं. काही जण मासे धरायला डोहात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकतात. त्यात दोन किलो मासे हाताला लागतात आणि फर्लांगभर ओहोळ रिकामा होतो. पूर्वी गेळाची फळं ठेचून मासे गुंगवत, तेही विषच, पण त्याची आणि बाटलीतल्या औषधाची बरोबरी होत नाही. गावात हा विषय काढताना कुणाकडे बोट दाखवू नका. कोणतं औषध, कोणत्या महिन्यात, एवढंच विचारा. लोक सांगतात.

आणि चौथं कारण पाण्यात नसतंच. गेल्या काही वर्षांत जेसीबी लावून ओहोळाचं खोलीकरण झालं आहे का? काठ उभे कापले की मुठ्यांची बिळं गेली, गोटे काढले की कीटकांची घरं गेली. पाणी जास्त साठलेलं दिसतं, फोटोही छान येतो, आणि जीव राहत नाहीत. शिंगटी कमी होण्यामागे पक्का बंधारा असू शकतो. पहिल्या पावसात अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आपल्याकडे ज्याला वलगण म्हणतात ती हीच. कमरेइतकी सिमेंटची भिंत आडवी आली की ते खालीच अडकतात, आणि तिथेच टोपल्या घेऊन माणसं उभी असतात. पावसाळ्यानंतर पोत्यांचे वनराई बंधारे घालतात त्यांना माझी हरकत नाही, जूनच्या आत ते निघतात. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्याही पावसाआधी निघायलाच हव्यात. तुमच्याकडे निघतात का, एकदा जाऊन बघा.

पाण्याची मोजमापं यानंतर करा, आणि त्यात वेळेला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. शहापूरच्या बाजूला एका ओढ्यावर आम्ही सलग तीन वेळा दुपारी ऑक्सिजन मोजला. दर वेळी 7 च्या वर, झकास. दगडाखाली मात्र लाल अळ्या आणि फायसाशिवाय काही नाही. चौथ्यांदा पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन उतरलो, तर आकडा 1.8. खतामुळे माजलेलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडत होतं आणि रात्रभर तोच ओढून घेत होतं. मासे गुदमरत होते ते पहाटे, आम्ही मोजत होतो जेवून झाल्यावर. वर दीड किलोमीटरवर एका कोंबड्यांच्या शेडचं पाणी रात्री ओढ्यात सोडलं जात होतं, ते नंतर सापडलं. तेव्हापासून सूर्योदयाआधीचं आणि दुपारी तीनचं, असे दोन आकडे असल्याशिवाय मी कोणत्याच ओढ्याबद्दल मत देत नाही. 25 अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला 7.6. दुपारचा आकडा याच्याही वर गेला तर खूश होऊ नका, ते शेवाळाचं काम आहे. मोजायला थेंब टाकून रंग बघायचं साधं किट पुरतं. फक्त बाटली पाण्याखालीच भरून बंद करा, आत एकही बुडबुडा नको, आणि रसायनं काठावरच घाला. घरी नेऊन मोजलेल्या ऑक्सिजनला काही अर्थ नसतो.

सामू दोन्ही वेळेला घ्या, कारण अमोनियाचं विष त्याच्यावर ठरतं. 25 अंशाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या वर, आणि 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. शेवाळ दुपारी सामू वर नेतं. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटलेला अमोनिया त्याच दिवशी दुपारी माशांचे कल्ले जाळू शकतो. राब (भाताची रोपं टाकायची जागा) भाजल्यानंतरच्या पहिल्या सरींत राख वाहून येते तेव्हाही सामू चढतो, ती नोंद वेगळी ठेवा. भाताला युरिया टाकल्यावर पुढच्या आठवड्यात नायट्रेट आणि अमोनिया जरूर बघा. जलजीवन मिशनमधून गावांना तपासणीचे संच दिले गेले होते आणि महिलांना प्रशिक्षणही. तुमच्या पंचायतीच्या कपाटात तो संच असेल, रसायनांची मुदत मात्र बघून घ्या. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं मोजमाप, प्रयोगशाळेतच होते, आपल्याकडे 27 अंशाला तीन दिवस ठेवून. तो नमुना बर्फात घालून त्याच दिवशी पोचवायचा.

प्रवाह मोजायला लिंबू पुरतं. दहा मीटर अंतर आखा, लिंबू सोडा, सेकंद मोजा. 25 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर, तळाशी पाणी हळू चालतं म्हणून त्याला 0.85 ने गुणा. रुंदी 2 मीटर आणि सरासरी खोली 20 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण 136 लिटर. हा आकडा नसेल तर मे महिन्याचा नायट्रेट आणि ऑक्टोबरचा नायट्रेट यांची तुलनाच होत नाही.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच ‘तेल’ म्हणू नका. काडीने हलवून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोहजिवाणूंचा नैसर्गिक तवंग, लाल मातीच्या पाझराजवळ तो हमखास असतो. काडी फिरवल्यावर परत मिटून आला तर तेल.

कधी करायचं? पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, हा मुख्य फेरा. दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत, ओहोळ आटण्याआधी. तिसरा मे महिन्यात, उरलेल्या डोहांचा. उन्हाळ्यात सगळे जीव तिथेच दाटीने तग धरून असतात, म्हणून मेमध्ये एका डोहात कुणी विष टाकलं तर अख्ख्या ओहोळाचं पुढच्या वर्षीचं बियाणं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना पाण्यात उतरवू नका. वर डोंगरात पडलेल्या सरीचा लोंढा सांगून येत नाही, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. पायाला जखम असलेलं मूल कोणत्याही महिन्यात काठावरच बसून नोंदी घेईल.

आणि एक काम जाळीआधीही करता येईल. गावातल्या कातकरी, ठाकर आणि कोळी घरांतल्या म्हाताऱ्या बायांना भेटा. कोणत्या डोहात कोणता मासा, वाम ही मासळी कुठे लागायची, झिंगे कोणत्या महिन्यात, मुठे कोणत्या सालापासून कमी झाले, हे त्यांना तोंडपाठ असतं. साल आकड्यात सांगणार नाहीत, ‘पुलाचं काम झालं त्या पावसापासून’ असं सांगतील. तो धागा सोडू नका, बऱ्याचदा कारण त्याच वाक्यात असतं. ही माहिती त्यांच्या परवानगीने, त्यांच्या नावानिशी पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहा. 2002 च्या कायद्याने ती प्रत्येक पंचायतीत असायला हवी.

तिन्ही फेऱ्यांच्या नोंदी वरची जागा आणि खालची जागा अशा शेजारी शेजारी मांडल्यात की तुमच्या हातात भक्कम कागद असेल. घाण येते असं दिसलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याणच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. पिण्याच्या पाण्याचा मुद्दा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडून जिवाणूंसह फेरतपासणी मागा. औषधांचं निघालं तर अर्जाआधी गावाची बैठक घ्या, तो प्रश्न तिथेच सुटेल.

कीटकांचे फोटो काढलेत तर मला जरूर पाठवा, मी ओळखून देईन. जीव पाण्यातच ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो घ्या. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. आणि मुठा सापडला तर त्याला हळूच उलटा करून पोटाची झडप बघा. रुंद, गोलसर असेल तर मादी. तिच्याखाली पिल्लं असतील तर फोटोसाठीही थांबू नका, लगेच दगडाखाली सोडून द्या, आणि ती जागा फक्त वहीत लिहा, कुणाला सांगू नका.